ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे स्टड, नट आणि टायर कधी व कसे बदलावेत

रोजच्या रस्त्यावरच्या गाडीचे टायर गोटा झाले की बदलायचे आणि चाकाच्या नटाचे कोपरे झिजून पाना घसरू लागला की नवा नट बसवायचा, एवढा हिशेब बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. तीच गाडी अधूनमधून रेस ट्रॅकवर नेऊ लागलो की हा हिशेब अपुरा पडतो, कारण ट्रॅकवर होणारी झीज डोळ्यांना दिसेलच असे नाही. स्टड, म्हणजे ज्यावर चाकाचा नट आवळला जातो तो आटे असलेला दांडा, वरून चकचकीत दिसतो आणि आतून थकलेला असतो. टायरवर निम्मी नक्षी शिल्लक असते आणि रबर मात्र कधीच कडक होऊन गेलेले असते. म्हणून या भागांचे वय त्यांनी किती उष्णता सोसली आणि किती वेळा ताण घेतला यावरून ठरवावे लागते. ते कसे ठरवायचे आणि भाग बदलताना काय सांभाळायचे हे समजण्यासाठी, मुळात चाक हबवर, म्हणजे ज्या फिरत्या मध्यभागावर ते बसते त्यावर, टिकते कशामुळे, हे आधी पाहायला हवे.

चाक कशाच्या जोरावर टिकते

चाक पाच स्टडांवर टांगलेले असते आणि गाडीचे वजन त्या स्टडांवर पडते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात स्टडचे काम वजन उचलण्याचे नाही. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाकाची पाठ हबच्या सपाट पृष्ठभागावर दाबून धरतो. ब्रेक लावताना, वळण घेताना किंवा वेग वाढवताना जो जोर चाकावर येतो, तो या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून हबकडे जातो. घर्षण पुरेसे असेल तोवर स्टडला आडवा मार जवळजवळ बसतच नाही.

हे आकड्यांत पाहिले तर चित्र स्पष्ट होते. १४०० किलो वजनाची गाडी गुरुत्वाकर्षणाएवढ्या मंदनाने ब्रेक लावत असेल, तर चारही टायरवर मिळून सुमारे १३.७ किलोन्यूटन बल लागते. त्यातले सत्तर टक्के पुढच्या चाकांवर येते असे धरले, तर पुढच्या प्रत्येक टायरच्या वाट्याला सुमारे ४.८ किलोन्यूटन येते. टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरल्यास हबवर जवळपास १५०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. स्टड ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा व्यास ११४.३ मिलिमीटर असेल, तर त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे त्रिज्येवर, हा पीळ २६ किलोन्यूटन बलाएवढा भरतो. दुसऱ्या बाजूला १२ मिलिमीटर व्यासाचा एक स्टड ११० न्यूटन-मीटरला कोरडा आवळला, तर त्यात साधारण ४५ किलोन्यूटनचा ताण तयार होतो. पाच स्टडांचे मिळून २२५ किलोन्यूटन होतात आणि घर्षणांक ०.१५ धरला तर चाक सुमारे ३४ किलोन्यूटनपर्यंतचा आडवा जोर न घसरता पेलू शकते.

चौतीसच्या समोर सव्वीस, म्हणजे हातात शिल्लक फार मोठी नाही. हा ताण काही कारणाने निम्म्यावर आला, तर पेलण्याची ताकद सतरावर येते आणि चाक प्रत्येक ब्रेकला हबवर अगदी सूक्ष्म का होईना, सरकू लागते. तेव्हापासून स्टड दर वळणाला आणि दर ब्रेकला थोडा वाकतो आणि सरळ होतो. पोलाद अशा हजारो हेलकाव्यांनी थकते, पृष्ठभागावर बारीक तडा जातो, तो तडा हळूहळू आत सरकतो आणि एके दिवशी उरलेला भाग एकदम तुटतो. तुटलेला स्टड हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले तर ही हकिगत तिथे वाचता येते: एका कडेपासून आत गेलेला गुळगुळीत भाग, त्यावर लाटांसारख्या एकामागे एक उमटलेल्या कमानदार रेषा, आणि उरलेल्या भागात खरबरीत, दाणेदार धातू. गुळगुळीत भाग मोठा असेल तर तो स्टड आधीचे अनेक फेरे तडा घेऊनच धावत होता, असे खुशाल समजावे. त्याच्या शेजारच्या स्टडांनीही तेवढाच जादा मार खाल्लेला असतो, म्हणून एक स्टड तुटला की त्या हबवरचे सगळे स्टड एकदम बदलायचे. तुटलेला तेवढाच बदलून पुढच्या सत्राला गाडी सोडणे ही काटकसर नाही, ती जोखीम आहे.

आठ शतांश मिलिमीटरचा खेळ

वरचा ४५ किलोन्यूटनचा ताण मिळवण्यासाठी स्टड किती लांबतो, हे कळले की पुढच्या सगळ्या नियमांचे कारण आपोआप उलगडते. स्टडचा ताण घेणारा भाग तीस मिलिमीटरचा धरला तर तो लांबतो जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढा. चाकाला हबवर दाबून ठेवणारी सगळी शक्ती एवढ्याशा लांबण्यात साठवलेली असते. त्यामुळे हब आणि चाक यांच्यामध्ये गंजाचा एखादा पापुद्रा, रंगाचा थर किंवा ट्रॅकवरची रेती अडकली आणि गाडी धावताना ती चिरडली गेली, तर तेवढ्यानेच ताणाचा मोठा हिस्सा नाहीसा होऊ शकतो. नट फिरलेला नसतो, पाना लावून पाहिले तर तो जागच्या जागी वाटतो, तरी चाक ढिले झालेले असते. चाक नव्याने रंगवून घेतल्यावर नटाच्या बैठकीतला आणि पाठीमागच्या सपाट भागावरचा रंग काढून टाकावा असे सांगतात, ते याचसाठी.

उष्णतेचेही गणित इथेच लागते. ट्रॅकवर ब्रेकच्या डिस्कचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते आणि ती उष्णता हब, स्टड व चाकाच्या मध्यभागात झिरपते. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाकाचा स्टडखालचा भाग पंधरा मिलिमीटर जाड असेल आणि सगळेच शंभर अंशांनी तापले, तर दोन धातूंच्या प्रसरणातला फरक सुमारे ०.०१७ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ लांबण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. गरम असताना स्टडवर जादा ताण येतो आणि थंड झाल्यावर तो उतरतो. हा चढउतार प्रत्येक सत्रात होतो. गरम चाकाचा नट पुन्हा आवळून नेमका आकडा गाठला, तर थंड झाल्यावर स्टडात राहणारा ताण त्या आकड्याशी जुळत नाही, म्हणून शेवटचे आवळणे नेहमी थंड चाकावरच करावे. सत्र संपवून आल्यावर गरम चाक तपासायचेच असेल, तर एखादा नट सपशेल सैल झाला आहे का, एवढेच पाहावे.

टॉर्क, म्हणजे नट आवळताना पान्याने दिलेला पीळ, हा आकडा स्वतः ताण मोजत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. आपण पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा नटाच्या बैठकीतल्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणण्याच्या कामी येतो. घर्षण थोडे बदलले की हे दहा टक्के दुप्पटही होऊ शकतात. १०.९ दर्जाच्या, १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि दोन आट्यांमध्ये १.५ मिलिमीटर अंतर असलेल्या स्टडला कायमचा न लांबता सुमारे ७३ किलोन्यूटन ताण सोसता येतो. तोच स्टड तेल किंवा ग्रीस लावून ११० न्यूटन-मीटरला आवळला, तर ताण ७५ किलोन्यूटनच्या पुढे जाऊ शकतो, म्हणजे स्टड एका आवळण्यातच बाद. दर्जाच्या खुणेतला पहिला आकडा स्टड किती बलाला तुटेल ते सांगतो आणि दुसरा, त्याच्या किती हिश्श्यावर तो कायमचा लांबायला लागेल ते, १०.९ म्हणजे १००० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या नव्वद टक्क्यांवर हार मानणारा. उत्पादकाने दिलेला टॉर्क बहुतेक वेळा स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतो. त्यामुळे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि कोरडेच ठेवावेत. ‘जाम होऊ नये म्हणून थोडे ग्रीस’ ही सवय गॅरेजमध्ये खोलवर रुजलेली आहे, पण ट्रॅकच्या गाडीवर ती सोडलेलीच बरी.

कोणते भाग निवडावेत

गाडीगाडीत चाकाची जोडणी वेगळी असते. होंडा, माझ्दा, टोयोटा अशा गाड्यांना हबमध्ये दाबून बसवलेले स्टड असतात आणि वरून नट येतो. फोक्सवॅगन, आउडी, बीएमडब्ल्यू यांच्या गाड्यांना सहसा हबमध्ये आटे असतात आणि चाक बोल्टने आवळले जाते. बोल्टची अडचण अशी की चाक काढघाल करताना प्रत्येक वेळी हबचेच आटे झिजतात, आणि हब हा महागडा भाग आहे. म्हणून ट्रॅकवर नियमित जाणारे लोक अशा गाड्यांत दोन्ही बाजूंना आटे असलेले स्टड कायमचे बसवून घेतात आणि पुढे फक्त नट काढतात. मग झीज स्टडवर होते, आणि स्टड बदलणे स्वस्त पडते.

नटाची बैठक चाकाच्या छिद्राशी तंतोतंत जुळायलाच हवी. बैठक शंकूसारखी असते, चेंडूसारखी गोल असते किंवा सपाट वायसरसह असते. बाहेरून घेतलेली बहुतेक चाके साठ अंशांच्या शंकूसाठी केलेली असतात, तर होंडाच्या मूळ चाकांत गोल बैठक आढळते आणि टोयोटाच्या काही मूळ अॅलॉय चाकांत सपाट. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तर तो आवळला जातो, टॉर्क पानाही वेळेवर ‘टक’ करतो, आणि तरी धातू एका बारीक कड्यावरच टेकलेला असतो. काही फेऱ्यांत ती कड दबते आणि ताण संपतो. वापरलेला नट उलटा करून त्याची बैठक पाहण्याची सवय ठेवावी. सगळीकडे सारखा, मंद चकाकणारा पट्टा दिसला तर ठीक. एकाच बाजूला खरचटलेले असेल किंवा पायरीसारखी खाच पडली असेल, तर नट फेकावा आणि चाकाचे छिद्रही तपासावे.

नट पोलादाचाच असावा. रंगीत अॅल्युमिनियमचे नट हलके आणि देखणे असतात, पण उष्णतेत त्यांचे आटे लवकर माघार घेतात. वरून चमकदार पत्र्याची टोपी बसवलेले मूळ नट ट्रॅकवर फुगतात आणि पाना बसेनासा होतो, म्हणून एकसंध धातूचा नट घ्यावा. लांब स्टड बसवले असतील तर तोंड उघडे असलेला नट घ्यावा, म्हणजे स्टडचे टोक नटाच्या बाहेर आलेले दिसते आणि नटात पुरेसे आटे गेले आहेत याची खात्री नजरेने पटते. बंद नटाच्या टोपीला स्टडचे टोक आधीच टेकले, तर चाकावर दाब न येताच टॉर्कचा आकडा पुरा होतो, आणि हा धोका बाहेरून अजिबात कळत नाही. नटात निदान स्टडच्या व्यासाएवढी लांबी आट्यांत गुंतलेली हवी. १२ मिलिमीटरच्या स्टडला १.५ मिलिमीटरचे आटे असतील तर नटाचे आठ पूर्ण फेरे. चाक हबपासून थोडे बाहेरच्या बाजूला आणण्यासाठी मध्ये स्पेसर, म्हणजे चकती, घातली असेल तर हे फेरे आधी मोजावेत.

स्टड बदलताना

गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर हबवर घाव घालण्याचा विचारही करू नये. चाक, कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा चिमटा) आणि डिस्क काढली की हबची थाळी उघडी पडते. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधून ठेवावा. जुना स्टड हातोड्याने मागे ठोकून काढता येतो आणि बरेच जण तसेच करतात, पण तो घाव सरळ बेअरिंगच्या गोळ्यांवर पोहोचतो आणि त्यांच्या मार्गात बारीक खळगे पडू शकतात. बॉल जॉइंट काढण्यासारख्या दाबाच्या हत्याराने स्टड मागे ढकलणे अधिक सुरक्षित. काही गाड्यांत हबच्या मागे स्टड बाहेर यायला जागा एकाच ठिकाणी असते, तिथे हब फिरवून प्रत्येक स्टड त्या जागेसमोर आणावा लागतो. काहींमध्ये तेवढीही जागा नसते आणि हबच उतरवावा लागतो. हे काम हातात घेण्याआधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते पाहून ठेवले, तर अर्ध्या वाटेत अडकायला होत नाही.

स्टडच्या डोक्याखाली उभ्या दातेरी रेषा असतात आणि त्याच हबच्या छिद्रात घट्ट रुतून स्टडला फिरू देत नाहीत. या दातेरी भागाचा व्यास नेमका असावा लागतो. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा स्टड उचलला आणि हा व्यास चतुर्थांश मिलिमीटरने कमी निघाला, तर पुढे नट काढताना अख्खा स्टडच गरगर फिरतो. व्यास जास्त असेल तर डोके हबला टेकतच नाही. नवा स्टड ओढून बसवण्यासाठी तीन-चार जाड वायसर एकावर एक घालून, त्यांच्यामध्ये तेलाचे दोन थेंब टाकून, वरून एक टाकाऊ नट उलटा लावावा आणि साध्या पान्याने सावकाश आवळत जावे. तेल वायसरांच्या मध्ये राहावे, आट्यांवर पोहोचले तर शेवटी पुसून घ्यावे. हवेच्या गनने हे काम झटक्यात होते, पण त्या झटक्यात स्टड किती ताणला गेला हे कोणालाच कळत नाही. डोके हबच्या पाठीला चारी बाजूंनी टेकले आहे हे मागून पाहावे किंवा बोटाने चाचपावे. तिथे केसाएवढी फट राहिली, तर ती चालत्या गाडीत मिटेल, आणि मघाशी पाहिलेला सगळा ताण त्या फटीत जिरेल.

हब उघडा असतानाच बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. खरखर लागली, किंवा चाक चढवल्यावर वर-खाली धरून हलवताना लटलट जाणवली, तर स्टडांबरोबर तेही बदलण्याची वेळ आली आहे. चाकाच्या मधल्या भोकात बसणारी प्लॅस्टिकची कडी असतील तर ती काढून धातूची घालावीत. ट्रॅकच्या उष्णतेत प्लॅस्टिक वितळते.

चाक चढवताना पृष्ठभाग साफ करून सगळे नट आधी हाताने लावावेत, मग आडव्या-तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत आणि शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने पुरा करावा. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा, कारण तो गाडीगणिक बराच बदलतो: होंडा सिव्हिकच्या १२ मिलिमीटर स्टडला १०८ न्यूटन-मीटर, तर २०१५ नंतरच्या फोर्ड मस्टँगच्या १४ मिलिमीटर स्टडला सुमारे २०४. आवळून झाल्यावर प्रत्येक नटापासून चाकापर्यंत रंगाच्या पेनने एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे पाना न लावताच कळते. एकच नट वारंवार फिरत असेल तर त्याला पुन्हा पुन्हा आवळत बसण्यापेक्षा तो स्टड, नट आणि चाकाचे ते छिद्र यांपैकी बिघडलेले काय आहे, ते शोधावे.

चाके हातात आहेत तोवर त्यांच्या आतल्या कडा, आऱ्यांच्या मुळाशी असलेली पाठीमागची बाजू आणि नटाच्या छिद्रांभोवतालचा भाग धुऊन उजेडात पाहावा. ट्रॅकच्या कडेचे उंचवटे ओलांडताना चाकाला बसणारे धक्के बाहेरून दिसत नाहीत, तडे मात्र बहुधा आतून सुरू होतात. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा ट्रॅकवर नेऊ नये. रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचा व्हॉल्व्ह बसवावा आणि तोल साधण्यासाठी चिकटवलेल्या वजनांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. ब्रेकच्या उष्णतेने गोंद सुटतो आणि चाक अचानक थरथरू लागते.

टायर: नक्षी शिल्लक, जोर संपलेला

टायरच्या बाबतीत नक्षीची खोली हे माप ट्रॅकवर फारसे उपयोगाचे नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि एवढे उंच रबराचे ठोकळे जोरदार वळणात मुडपतात, मुडपण्याने तापतात आणि त्यांच्या कडा फाटतात. कोरड्या ट्रॅकवर निम्मा झिजलेला टायर नव्यापेक्षा चपळ वाटतो, तो म्हणूनच. स्पर्धेत उतरणारे काही जण तर नवे टायर मुद्दाम तासून ३-४ मिलिमीटरवर आणतात. पावसात अर्थातच चित्र उलटे असते, कारण पाणी बाहेर फेकायला खोल नक्षीच लागते.

रबराची पकड दोन गोष्टींतून येते. तापलेले मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत भागांना चिकटते, आणि त्या खाचखळग्यांत दबून-उठून ऊर्जा जिरवते. दोन्हींसाठी रबर ठरावीक तापमानाला आणि लवचीक असावे लागते. प्रत्येक सत्रात टायर तापतो आणि थंड होतो, आणि दर वेळी रबरातले तेल थोडे बाहेर येते व कारखान्यात सुरू झालेली पक्के होण्याची प्रक्रिया थोडी पुढे सरकते. अशा पुरेशा फेऱ्यांनंतर रबर कडक होते. नक्षी दिसते, पृष्ठभाग मात्र निळसर-चकचकीत झालेला असतो, नखाने दाबले तर खूण उमटत नाही आणि पूर्वी ज्या वळणावर गाडी चिकटून जायची तिथे ती घसरू लागते. चालक बहुधा याचा दोष सस्पेन्शनला किंवा स्वतःला देतो. प्रत्येक टायरसंचाने किती सत्रे केली याची वही ठेवली, तर हा गोंधळ होत नाही. रबराची कठीणता मोजणारे छोटे यंत्रही मिळते, आणि टायर नवा असताना घेतलेला आकडा पुढच्या आकड्यांशी ताडून पाहिला तर ते खरोखर कामाचे ठरते.

पृष्ठभाग वाचायला शिकले की टायर बरेच काही सांगतो. बारीक वळकट्या, जणू रबर घासून गुंडाळले आहे, दिसत असतील तर टायर पुरेसा न तापताच त्याच्यावर आडवा जोर पडला. लहान लहान फोड किंवा खड्डे दिसत असतील तर आतले रबर जास्त तापून उकळल्यासारखे झाले. ठोकळ्यांचे तुकडे उडाले असतील तर तो टायर त्या वजनाच्या गाडीला आणि त्या वेगाला पुरा पडत नाही. आणि बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, रबराखालचे धागे किंवा बारीक चकाकती तार दिसली, तर टायर त्याच क्षणी बाद. ‘शेवटचे एक सत्र’ हे वाक्य इथे चालत नाही.

ही खांद्याची झीज सर्वांत फसवी असते, कारण मधल्या भागात झीजदर्शक पट्टी अजून दूर असते. चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कॅम्बर कमी असेल तर वळणात टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि तेवढाच भाग संपतो. सत्रातून आल्याआल्या रबरात टोचण्याच्या तापमापकाने आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान घ्यावे. बाहेरचा भाग जास्त गरम निघाला तर कॅम्बर वाढवण्याची गरज आहे. मधला भाग गरम असेल तर हवा जास्त आहे. कॅम्बर दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच जाणार, म्हणून जुन्या टायरचे निदान आधी, खरेदी नंतर. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असतात आणि डाव्या बाजूचे टायर आधी झिजतात. टायर दिशेनुसार नक्षीचे किंवा आत-बाहेर वेगळे नसतील, तर ते रिमवर उलटे करून झीज वाटून घेता येते.

नवे टायर निवडताना बाजूच्या भिंतीवरची अक्षरे नीट वाचावीत. ९१ डब्ल्यू अशी खूण असेल तर एक टायर ६१५ किलो वजन पेलतो आणि ताशी २७० किलोमीटरपर्यंत चालतो; व्ही असेल तर मर्यादा २४० ची. उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ मधला तेविसावा आठवडा. अमेरिकी पद्धतीचा ट्रेडवेअर आकडाही अनेक टायरवर असतो. ठरावीक चाचणी-मार्गावर संदर्भ टायरच्या मानाने टायर किती टिकला यावरून तो काढतात. संदर्भाला १०० धरलेले असते, त्यामुळे २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ. हा आकडा स्वतः उत्पादकच ठरवतो, म्हणून दोन कंपन्यांच्या २०० मध्ये पकडीचा मोठा फरक असू शकतो. तरी ढोबळमानाने, शंभरच्या आतबाहेरचे टायर चिकट पण अल्पायुषी असतात आणि २०० च्या आसपासचे रस्ता व ट्रॅक दोन्ही सांभाळतात. पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्याने त्याहूनही साधा टायर वापरावा, असे माझे मत आहे. तो लवकर घसरतो, कुरकुरून आधी सूचना देतो आणि चुका कमी वेगात दाखवतो.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम, निदान एका धुरीवरची जोडी तरी बदलावी. फक्त पुढे नवे आणि मागे कडक झालेले टायर असतील, तर वळणात गाडीची शेपटी बाहेर निघते, आणि ते सावरायला सर्वांत कठीण. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत चारही टायरचा घेर जवळजवळ सारखा ठेवावा लागतो, नाहीतर मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअरसंच, सतत घासत राहतो. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर नेऊ नये.

पहिला दिवस

टायर रिमवर चढवताना साबणाचे पाणी लावतात. ते वाळण्याआधीच जोरदार ब्रेक लावले, तर टायर रिमवर फिरतो आणि साधलेला तोल बिघडतो, म्हणून बसवल्यावर निदान एक दिवस जाऊ द्यावा आणि टायर व रिम दोन्हींवर जुळणारी एक खडूची खूण करून ठेवावी. पहिले सत्र मध्यम वेगाने करून टायर सावकाश तापवावेत. चिकट जातीच्या टायरना त्यानंतर चोवीस तास विश्रांती दिली तर ते जास्त टिकतात. नवे स्टड बसवले असतील तर पहिल्या सत्रानंतर चाक पूर्ण थंड होऊ देऊन टॉर्क पुन्हा तपासावा, आणि पुढे ५० ते १०० किलोमीटर रस्त्यावर चालल्यावर आणखी एकदा. ट्रॅकवर जास्त वापर असेल तर स्टड दर हंगामाला बदलून टाकावेत. काढलेले स्टड ‘वेळप्रसंगी कामी येतील’ म्हणून डब्यात न ठेवता त्यांचे आटे ग्राइंडरने बिघडवून भंगारात द्यावेत.

हवेचा हिशेब दर सत्राला करावा लागतो. २५ अंशांना २८ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांपर्यंत तापला तर आतली हवा सुमारे ३६ पीएसआयवर जाते. हवेत ओलावा असेल तर त्याहूनही वर. म्हणून ट्रॅकवर गरम असतानाचा दाब पाहतात आणि सत्रातून आल्यावर जादा हवा सोडून सर्व चाके ठरलेल्या आकड्यावर आणतात. गरम असताना ३२ वर आणलेला तोच टायर संध्याकाळी थंड झाल्यावर २५ च्याही किंचित खाली जातो, आणि त्याच गाडीने रस्त्याने परतायचे असेल तर निघण्याआधी हवा पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत भरावी लागते.